गुणमालाअक्काचं वैराग्य

गुणमालाअक्का म्हणजे तोंडाची भारी बाई. गुऱ्हाळावर बसली की साऱ्या गावाची टर उडवायची. पण वर्षभरात तिचं हसूच आटलं. ताज्या गुळाला बोट लावेना, नातू मांडीवर घेईना, जैनांच्या बस्तीत देवापुढं बसून नुसते डोळे पुसायची.

गाव म्हणालं, बाईला वैराग्य आलं! झालं, बाया पाया पडायला लागल्या. नवरा बाळगोंडाही चारचौघांत तिच्यापुढं वाकायचा आणि सांगलीच्या गूळबाजारात छाती फुगवून सांगायचा, "दिवाळी झाली की आमची मंडळी घर सोडून दीक्षा घेणार!" अक्कालाही ते पटलं. संसार नकोसा झाला, मग हे वैराग्य नाही तर काय?

एक दिवस ती चक्कर येऊन पडली. सून पद्मावतीनं तिला मिरजेला, बाळगोंडाच्याच डॉक्टरांकडं नेलं. अक्काच्या बीपीच्या गोळ्यांची बाटली बघून डॉक्टर चमकले.

"ही कुणी दिली?"

"मालकांनी," अक्का म्हणाली. "वर्ष झालं. त्यांचं राहिलेलं वाया कशाला घालवायचं, म्हणाले. संपलं की तसलंच आणून देत्यात."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, ही मुळीपासून केलेली जुनी गोळी. रक्तदाब उतरवते, पण काहींचं मनही पार खचवते. बाळगोंडा ह्याच गोळीपायी रडायला लागले, जगणं नको म्हणाले. म्हणून त्यांना लघवी वाढवणारी गोळी दिली. सारखं उठावं लागतं, पण डोकं ठिकाणावर राहतं. काळजाची धडधड कमी करणारी नवी गोळीही आलीय, पण तुम्हाला दमा, ती नको. लघवीचीच देतो. जुनी कुणालाही देऊ नका, असं बजावलं होतं मी त्यांना!"

वाटभर अक्काच्या मनात एकच होतं. ज्याच्या भरवशावर डोळे मिटून गोळी गिळली, त्यानंच असं करावं?

घरी अंगण दर्शनाला आलेल्या माणसांनी भरलेलं. बाळगोंडा पुढं होऊन वाकला. अक्कानं पाय मागं घेतले.

"तुमास्नी ठावं हुतं?"

"हळू बोल गं," तो कुजबुजला. "गावभर सांगून बसलोय. दीक्षेनं घराचं लय नाव झालं असतं."

अक्का मुद्दाम साऱ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "तुमी रडलासा, तवा गोळी बदलून आणलीसा. मी रडले, तवा माझ्या पाया पडलासा!"