आकडा उतरत होता, आवाज चढत होता

"नाक खाली घे, स्पीड पडतोय!" मी ओरडलो.

इंदापूरवरून बारामतीकडे आम्ही उतरायला लागलो होतो. स्क्रीनवर स्पीडचा आकडा झरझर खाली येत होता. वेग फार कमी झाला की पंखांची उचल जाते आणि विमान कोसळतं. अशा वेळी नाक खाली करून वेग मिळवायचा, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात.

माझी फ्लाइंग स्कूलमधली स्टुडंट वैष्णवी, कन्हेरीची. तिनं नाक खाली घेतलं नाही.

"सर, स्पीड कमी न्हाय, लई हाय. आवाज ऐका की!"

"आवाज कसला? स्क्रीन बघ!" मी कंट्रोल घेतला, नाक आणखी दाबलं. आकडा आणखी उतरला. विमान थरथरायला लागलं.

मी चौदा वर्षं एअरलाइनमध्ये होतो. तिथं इंजिनची ताकद कमी-जास्त करणारा थ्रॉटलसुद्धा कॉम्प्युटर सांभाळतो आणि माणसापेक्षा चांगला सांभाळतो. आपण लक्ष ठेवायचं. त्यात हात आणि कान कधी रिटायर झाले, मला कळलंच नाही.

"सर, द्या माझ्याकडं."

मी सोडलं.

तिनं नाक क्षितिजाला लावलं, इंजिनचा आरपीएम ठरवला. "एवढं नाक, एवढा आरपीएम, म्हणजे एवढा स्पीड. तुमीच शिकवलंय." तिचे वडील लोणी देवकरच्या एका फॅक्टरीत विजेच्या मोटारी टेस्ट करतात. मोटारवर किती लोड आहे, हे ती लहानपणापासून आवाजावरून ओळखायची. स्पीडच्या आकड्याकडे न बघता तिनं विमान उतरवलं. मला इतकं अलगद जमलं नसतं.

वेग मोजणारी नळी पंखाखाली असते. उडताना तिच्या तोंडात किडा अडकला होता. निचऱ्याचं भोक आधीच मातीनं बुजलेलं. आत हवा कोंडली, म्हणून खाली उतरताना आकडा उलटा चालला. ते भोक सकाळी बघायचं काम माझं. मी ते नीट न बघताच उरकलं होतं.

"लँडिंग कुणी केलं?" चीफ इन्स्ट्रक्टरनी विचारलं.

"मी, सर."

वैष्णवी शेजारीच उभी होती. रिपोर्टमध्ये मी 'स्टुडंट गोंधळली' असंही लिहिलं. तिची सोलो, म्हणजे एकटीनं करायची पहिली फ्लाइट, थांबली.

नवव्या दिवशी मी चीफच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं.

"आज का सांगतोयस?"

"ती रोज गुड मॉर्निंग म्हणते, सर."

त्यांनी फ्लाइटचं वेळापत्रक पुढं ओढलं. "तिची सोलो उद्या. तुझा चेक, म्हणजे उडवण्याची परीक्षा, परवा. स्क्रीनवर कागद लावून."

तिची सोलो देखणी झाली. मी पहिल्या चेकमध्ये नापास झालो. हँगरबाहेर तिची माफी मागितली, तर म्हणाली, "आता तरी ऐकू येतंय ना, सर?"

हल्ली प्रत्येक नव्या बॅचकडून स्क्रीन झाकून पाच लँडिंग करून घेतो. आणि उडण्याआधी एक वाक्य बोलून दाखवायला लावतो: "सर, तुमचं चुकतंय." बहुतेकांना लँडिंग आधी जमतं.