वळणावरच्या स्प्रूसचं रोप

आइली रुट्कोनेन पंधराव्या वर्षी लागवडीच्या टोळीत गेली, तेव्हा तिला सगळ्यात आधी शिकवलं गेलं ते पाठ फिरवायला. खड्डा करायचा, रोप ठेवायचं, टाचेने माती दाबायची आणि पुढे चालायचं. मागे वळून आपल्या ओळीकडे पाहायचं नाही. पाहिलं की रोप मरतं, असं टोळीतल्या बायका सांगत. काही वर्षांनी आइलीला यातलं शहाणपण कळलं. मागे वळणारी बाई परत जाते, रोप सरळ करते, माती पुन्हा चेपते आणि एवढ्या मायेत मूळ तोडते. स्प्रूस हे थंड मुलखातलं, सुयांसारख्या पानांचं झाड; त्याला माणसाचा हात जितका कमी लागेल तितकं बरं.

चाळीस वर्षं दर मे महिन्यात ती कमरेला टोपली बांधून रानात जात राहिली. तळ्याच्या पलीकडचा आख्खा डोंगर टोळीने लावलेला, आणि त्यातला निम्मा तरी आइलीच्या टाचेखालून गेलेला. पण स्वतःच्या अंगणात तिने कधी एक झाड लावलं नाही. लोक विचारायचे, तर म्हणायची, "हलवाई घरी येऊन पेढे खातो का?"

तिचं म्हणावं असं एकच झाड होतं, आणि ते तिने लावलेलं नव्हतं. घरापासून कोसभरावर, चर्चकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वळणावर ते उभं होतं. तिचा मुलगा वेइक्को एकोणिसाव्या वर्षी एप्रिलच्या पातळ बर्फावरून मासेमारीची जाळी काढायला गेला आणि तळ्याने त्याला गिळलं. चौदा दिवसांनी सापडला. शवपेटी चर्चकडे निघाली तेव्हा रिवाजाप्रमाणे त्या वळणावर थांबली. आइलीच्या नवऱ्याने, आर्वोने, स्प्रूसच्या खालच्या फांद्या छाटल्या, सालीत क्रूस कोरला आणि खाली वेइक्कोच्या नावाची अक्षरं. अशा झाडाला त्या मुलखात कार्सिक्को म्हणतात. मेलेला माणूस घरच्या ओढीने परत निघाला, तर इथवर येतो, आपली खूण पाहतो, आपण मेलो आहोत हे त्याला आठवतं आणि तो मागे फिरतो.

एका कडक उन्हाळ्यात झाडाला खोडकिड्याने धरलं. सालीवर भुसा सांडलेला आइलीनेच पहिल्यांदा पाहिला. काय करायला हवं हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. किडलेलं झाड उभं ठेवलं तर कीड शेजारच्या दहा झाडांत जाते. तिने स्वतः वनखात्याला फोन केला, झाड पाडायला स्वतः होकार दिला. एवढंच सांगितलं, की अक्षरं कोरलेला तुकडा मला द्या.

सप्टेंबरात झाड पाडलं त्या सकाळी ती आरोग्यकेंद्रात हृदयाची तपासणी करून घेत होती. परतली तेव्हा वळणावर खुंट होता आणि फांद्यांचा ढीग. यंत्रावरच्या माणसाला निरोप पोचला नव्हता. त्याने खोडाचे एका मापाचे ओंडके केले होते आणि मालमोटार निघून गेली होती.

फांद्यांना मात्र बियांचे शंकू लगडले होते. मरणारा स्प्रूस असा फळतो. आइलीने एप्रनभर शंकू गोळा केले, चुलीवरच्या फळीवर वाळवले आणि बिया झटकून घेतल्या. मे महिन्यात त्या जुन्या पाटीत पेरल्या. अकरा उगवल्या. पाच गोगलगायींनी खाल्ल्या, तीन कुजल्या, दोन पहिल्या हिवाळ्यात गेल्या. एक रोप उरलं. ते तिने स्वयंपाकघराच्या खिडकीखाली लावलं. गुडघ्याएवढं झालं की वळणावर न्यायचं आणि अक्षरं कोरायला गेलेल्या आर्वोची सुरी एइनोच्या हवाली करायची, असं तिने ठरवलं होतं.

एइनो पिर्स्कानेन म्हणजे शेजारचा म्हातारा, पूर्वीचा ट्रॅक्टरवाला. रोज दहाच्या सुमारास कॉफीला यायचा. आइली घरी नसली तर दाराला बाहेरून झाडू टेकवलेला असे. गावात कुलपं कोणी लावत नाही. झाडू दिसला की घरात कोणी नाही असं समजायचं आणि मुकाट्याने परत जायचं. त्याचा कॉफीचा हट्ट असा, की झाडू पाहून तो मोठ्याने एक शिवी हासडायचा आणि मगच परतायचा.

"अक्षरं कोरायला खोड निदान मनगटाएवढं तरी हवं," एक दिवस तो म्हणाला. "हे काडीएवढं आहे. वीस वर्षं लागतील. तू तेव्हा शंभरीला पोचशील, आणि मी मातीत."

"तू आताच अर्धा मातीत आहेस. कॉफी पी."

"फळीवर कोरून देतो की. कोठाराच्या भिंतीला ठोकू. पूर्वी ठोकायचेच."

"फळी घरापाशी असणार. त्याला वळणावरच थांबवायला हवं."

एइनोने कप खाली ठेवला. "आणि समज, आला. तुझाच पोरगा आहे ना? येऊ दे की."

आइली बराच वेळ पाव कापत राहिली. "चौदा दिवस पाण्यात होता तो, एइनो. ओळख पटवायला मीच गेले होते. आर्वोच्याने झालं नाही. आला तर तसाच येईल. मला तो तसा पुन्हा नाही पाहायचा."

त्यानंतर एइनोने वीस वर्षांचा विषय काढला नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यात आइली घाईला आली. डॉक्टरने गोळ्या वाढवल्या होत्या आणि जिना चढू नका म्हणून सांगितलं होतं. तिने रोपाला माशांची आतडी कुजवून घातली, राखेचं पाणी घातलं, संध्याकाळी तळ्याचं कोमट पाणी घातलं. दिवसातून चार वेळा खिडकीतून वाकून पाहिलं. डोंगर लावताना जे तिने एकदाही केलं नव्हतं, ते ती या एका रोपासाठी रोज करत होती.

"नवऱ्यालासुद्धा तू इतकं जेवू घातलं नसशील," एइनो म्हणाला.

"नवरा वाढत नव्हता."

जुलैअखेर रोपाने वाढ थांबवायला हवी होती. शेंड्याची कळी मिटून, काडी कडक करून थंडीची तयारी करायची ती वेळ. आइलीचं रोप थांबलं नाही. ऑगस्टात त्याने दुसरा शेंडा सोडला, बोटभर लांब, पोपटी, लोण्यासारखा मऊ. टोळीत पोरींना ती हेच सांगत आली होती: उशिरा फुटलेला शेंडा पाहून खूश होऊ नका, ती थंडीला दिलेली मेजवानी आहे. आता ती त्या शेंड्यावरून बोट फिरवायची आणि मनात म्हणायची, गुडघ्याला चारच बोटं कमी.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात गोठवणारं दहिवर पडलं. तिने रोपावर बादली उपडी घातली होती. एक रात्र बादलीने निभावली, दुसऱ्या रात्री नाही. सकाळी शेंडा उकडलेल्या पालकासारखा लोंबत होता.

"खालच्या कळ्या शाबूत आहेत," एइनो गुडघ्यावर बसून म्हणाला. "आता तू याला काही करू नकोस. अजिबात काही नाही. बर्फ पडेल, त्याखाली झोपेल, वसंतात बघू. हे तूच मला शिकवलंस ना?"

"शिकवलं."

"मग?"

ऑक्टोबरात जमीन कडक व्हायला लागली, तेव्हा आइलीने कुदळीने रोप काढलं, बादलीत लावलं आणि स्वयंपाकघरात चुलीच्या बाजूला ठेवलं. दुसऱ्या दिवशी एइनोने ते पाहिलं. त्याने टोपी काढली नाही, खुर्ची ओढली नाही.

"आइली. तुला कळतंय ना?"

"कळतंय."

"याला थंडी हवी असते."

"कळतंय म्हटलं ना! पण बाहेर ते मला खिडकीतून मरताना दिसलं असतं."

नाताळ होऊन दोन आठवडे झाले आणि रोप फुटलं. बाहेर वजा अठ्ठावीस, दुपारी तीनला काळोख, आणि चुलीपाशी बादलीत वसंत. प्रत्येक कळीवरची तपकिरी टोपी गळून कोवळ्या सुयांची पालवी बाहेर आली होती. पत्र टाकायला आलेली पोस्टातली मुलगी म्हणाली, "किती गोड! तुमच्या हाताला गुण आहे हं, आजी." आइलीने तिला वेलचीचा पाव दिला. ती गेल्यावर बादलीसमोर बसून राहिली. आता ते बाहेर नेता येत नव्हतं आणि आत जगणार नव्हतं. खिडकीतून येणाऱ्या चार तासांच्या उजेडाकडे शेंडे लांबत गेले, फिकट होत गेले. फेब्रुवारीत सुया गळायला लागल्या. ती रोज सकाळी त्या झाडून चुलीत टाकायची. मार्चमध्ये नखाने साल खरवडून पाहिली. आत हिरवं नव्हतं.

मे महिन्यात, लागवडीच्या दिवसांत, तिने बादली ढकलगाडीवर ठेवली. एइनो फाटकापाशी उभा होता.

"आइली, काडी आहे ती नुसती."

"काडी तर काडी. जागा त्याची आहे."

"मी ढकलतो."

"तू मागे चाल. पडले तर उचलायला."

कोसभर जायला दोन तास लागले. खुंटाला भेगा पडल्या होत्या. आइलीने त्याच्या शेजारी खड्डा केला, काडी नीट सरळ उभी केली, मुळं पसरली. टाचेने माती दाबली, एकदाच. मग वळली आणि घराकडे चालायला लागली. एइनो दोनदा थांबून मागे बघत होता. ती थांबली नाही.

घरी कॉफी झाली. तो उठला तेव्हा ती म्हणाली, "एइनो, एक काम आहे. रोजचं आहे, पण."

"बोल."

"संध्याकाळी जाताना दाराला झाडू लावून जात जा. बाहेरून."

एइनोला आधी कळलं नाही. "तू आत असताना?"

"मी आत असताना. वळणावर आता त्याला थांबवणारं काही नाही."

मग त्याला कळलं. त्याने टोपी घातली, पायरीवर आला, दार ओढून घेतलं. कोपऱ्यातला झाडू उचलून दाराला आडवा टेकवला. तो नीट बसला नाही म्हणून पुन्हा टेकवला. रस्त्याला लागेपर्यंत त्याने शिवी दिली नाही.

आत आइलीने खुर्ची दारापासून लांब, चुलीच्या पलीकडे ओढली आणि घरात कोणी नसल्यासारखी बसून राहिली.