नारिंगी सरबत

५ एप्रिल. लेक उद्या नातवाला घेऊन लातूरला निघणार, म्हणून मी पाणी उकळून बाटल्या भरत होते. तिच्या पिशवीतलं ज्यूसचं पाकीट फुटलं आणि एसेन्सचा वास घरभर झाला.

तोच वास लातूरच्या स्टँडवर होता. जिल्हा नवा, दुष्काळ, गावात जुलाबाची साथ आणि हीच लेक तेव्हा दोन वर्षांची. नांदेडहून नेलेलं पाणी अहमदपूरलाच संपलं होतं. न्यायला आलेल्या दिरानं तिच्यापुढं बर्फ घातलेलं नारिंगी सरबत धरलं.

"भावजी, बर्फ कुठल्या पाण्याचा?"

"वैनी, जिल्हा झालाय आता! पिऊ द्या की लेकराला."

"जिल्हा झाला म्हणून पाणी उकळून येतं का?"

"लोक बघून राहिले, दे घोटभर," नवरा पुटपुटला.

"मग तुम्हीच प्या."

लेक दिराच्या घरापर्यंत किंचाळत आली. दीर रुसला. आता वाटतं, टँकरच्या गावात त्याला दुसरा पाहुणचार कुठून सुचणार? तरी आजही मी ते पाजणार नाही.

तेव्हा मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी उठून मी पातेलंभर पाणी उकळलं, निवल्यावर मीठ-साखर घातली, आणि पहिला पेला दिराच्याच जुलाब लागलेल्या धाकट्या लेकराला पाजला. कुणाला विचारलं नाही.