झोपेची हजेरी

माणसाला झोपवण्याच्या कामात आमच्या वसतिगृहाच्या बाईंचा हात धरणारं अख्ख्या संभाजीनगरात कुणी नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. आम्ही तलवारबाजीच्या बारा मुली, राज्याच्या संघात जाण्यासाठी जिवाचं रान करणाऱ्या. बाईंचं म्हणणं असं, की तलवार सर शिकवतील, झोप मी शिकवते. चितेगावच्या कारखान्यात एकोणीस वर्षं शिफ्ट करून त्यांची स्वतःची झोप पार उडाली होती. म्हणूनच की काय, आमची झोप त्या डोळ्यांत तेल घालून जपायच्या.

रात्री साडेआठला पोह्यांचा डबा घेऊन त्या खोल्याखोल्यांतून फिरायच्या आणि त्यात मोबाईल गोळा करायच्या. "टाक. मी काय खात नाय त्याला." दुपारी चारनंतर चहा बंद. आमच्या दुपारच्या झोपेत शिट्टी नको म्हणून कुकर माळ्यावर गेला आणि डाळ पातेल्यात शिजू लागली. म्हणजे बहुतेक वेळा अर्धवटच शिजायची. शेजारच्या मंगल कार्यालयात बँड सुरू झाला की बाई पदर खोचून निघायच्या. एकदा अशाच भांडायला गेल्या, त्या तासाभरानं जेवून, हातात ब्लाऊजपीस घेऊन परत आल्या. बँड मात्र गप्प झाला होता. पहाटे पाचचा सराव त्यांनीच साडेसहावर नेला. "सर, मुली हायेत त्या, दूधवाले नायत." महिन्याच्या त्या चार दिवसांत मुलींची झोप मोडते, हेही सरांना त्यांनी तोंडावर सांगितलं. सर पंख्याकडे बघत राहिले, पण दुसऱ्या दिवसापासून त्या दिवसांत सकाळी हलका सराव मिळू लागला.

घात केला तो वहीनं. कोण किती तास झोपलं, हे बाई रोज सकाळी विचारून वहीत लिहू लागल्या. हेतू चांगलाच होता, पण खेळाडूंपुढे आकडा ठेवला की त्याची स्पर्धा व्हायला वेळ लागत नाही. सिल्लोडची नसरीन डोळे चोळत बाहेर यायची आणि ओरडायची, "आठ घंटे! क्या नींद लगी मेरेकू!" तिला तलवारीत हरवणारी मी, झोपेत मागे राहू? दिवा मालवला की मी डोळे गच्च मिटून झोपेच्या मागे लागायचे आणि झोप पुढे पळायची. शेवटी मी थापा मारू लागले. चार तास झोप झाली की साडेआठ सांगायचे. वहीत मी पहिली आले, आणि सरावात नसरीनकडून सलग पाच दिवस हरले.

राज्य संघाच्या निवडचाचणीत सकाळच्या लढती कशाबशा निभावल्या. शेवटची एकच जागा उरली, आणि तिच्यासाठी दुपारी चारला नसरीनशीच गाठ होती. बाई जेवणाचा डबा घेऊन आल्या. डबा उघडता उघडता मी वरण अंगावर सांडलं.

"बाई, मी खोटं सांगत होते. महिनाभर मला झोपच नाही."

आता बोलणी बसणार असं वाटलं. पण बाईंनी पिशवीतली वही काढून माझं पान फाडलं. "चूक माजी हाय, पोरी. कारखान्यात माजे बी असेच आकडे लिहून घ्यायचे. तेच तुज्या उशाशी आणून ठेवलं मी."

"आता काय करू?"

"काय नको करू. झोपू बी नको. नुसती पड माज्याजवळ."

हॉलच्या जिन्याखाली सतरंजी टाकून आम्ही आडव्या झालो. बाई माहेरच्या म्हशीची गोष्ट सांगू लागल्या. "लई मानी होती. माजी आई सोडून दुसऱ्या कुणी हात लावला की..." आणि पुढं काही नाही. बघते तर बाई झोपलेल्या. तोंड जरासं उघडं, डोकं माझ्या दंडावर. इतक्या वर्षांत त्यांना झोपलेलं मी पाहिलंच नव्हतं. हाताला मुंग्या आल्या तरी मी हलले नाही. बाईंची झोप मोडू नये, एवढंच डोक्यात राहिलं. आपल्याला झोपायचंय हे विसरले, चाचणीही विसरले. मध्ये केव्हातरी माझाही डोळा लागला असावा.

नाव पुकारलं, तेव्हा हात हळूच काढून घेतला, त्यांच्या डोक्याखाली माझं जाकीट सरकवलं आणि एकटीच गेले. पंधरा-तेरा. जिंकले. मास्क काढून हात मिळवताना नसरीन डोळे पुसत म्हणाली, "वो आठ घंटे मैं बी झूट बोल रई थी." मी तिला मिठीच मारली.

बाई उठल्या तेव्हा हॉल झाडत होते. "मला उठवलं का नाय गं?" त्या रडकुंडीला आल्या. "एवढे दिस तुज्यामागं राबले, अन् बघायचं तेवढं राहिलं."

त्याचं मला आजही वाईट वाटतं. पुढं माझ्या कितीतरी लढती त्यांनी पहिल्या रांगेत बसून पाहिल्या, पण ती एक राहिली ती राहिलीच. तरी पुन्हा तशी वेळ आली, तर मी त्यांना उठवणार नाही.