तीन इंच मोठी सायकल

माझा भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी धाकटा. दुकानात सगळे त्याला मास्तर म्हणतात. तो पंचेचाळीसचा आहे हे कुणाला खरं वाटत नाही, कारण पाठीकडून बघितलं तर साठीचा दिसतो. ती पाठ तशी झाली त्याला कारण मी. वडील गेले तेव्हा तो चौदाचा होता आणि मी या दुकानात काज-बटणांना बसत होते. मालकाच्या हातापाया पडून मीच त्याला मशीनवर बसवलं. त्याचे पाय पायडलला पुरत नव्हते, म्हणून पायडलवर फळी ठोकून घेतली. कसे का होईना, पाय पोचवले.

आमचं दुकान नवे कपडे शिवायचं नाही. लोक तयार कपडे घेतात, ते बसत नाहीत, मग आमच्याकडे आणतात. कमरेत आत घ्या, बाह्या कमी करा, चेन बदला. जवळजवळ तीस वर्षं भावाने हेच केलं. माझं लग्न झालं होतं, ते टिकलं नाही. त्याचं जमलंच नाही. दोन खोल्यांत आम्ही दोघं, आणि दोघांत मिळून एक खिडकी.

कामातला त्याचा एक नियम होता, नवीन माणूस आला की तो आधी हाच शिकवायचा. "कपडा मोठा असला की भ्यायचं नाही. मोठं आत घेता येतं. लहान असेल तर मात्र हात जोडायचे आणि परत द्यायचं." मीही तो इतक्या वेळा ऐकला होता की झोपेत म्हटला असता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे सगळं यावरच घसरलं.

तीन वर्षांपूर्वी मालकाने सगळ्या मशिनींना मोटर बसवली. पायडलं काढून भंगारात घातली. काम दुप्पट वेगाने होऊ लागलं, सगळे खूश. आठवडाभराने माझं लक्ष गेलं तर टेबलाखाली भावाचे पाय अजून चालत होते. टाच, चवडा, टाच, चवडा. खाली काहीही नव्हतं.

"अरे, लाथा कुणाला मारतोयस?" मी म्हटलं.

तो ओशाळला आणि पाय खुर्चीखाली घेतले. दहा मिनिटांनी पुन्हा सुरू. संध्याकाळी मात्र पिंढऱ्या धरून बसायचा. आयुष्यभर राबून न दुखलेले पाय बसून दुखायला लागले.

त्याच सुमारास ती दातांची डॉक्टर पहिल्यांदा आली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिचा दवाखाना. सायकल चालवायची घट्ट चड्डी घेऊन आली होती. बसायच्या जागी आत एक जाड गादी असते, ती उसवली होती. भावाने ती अशी शिवली की टाका शोधून सापडू नये. मग तिचे सायकलवाले मित्र एकेक करून येऊ लागले. दर रविवारी सकाळी दहा-बारा जण नदीवरच्या जुन्या पुलापर्यंत जाऊन यायचे. वीस किलोमीटर जायला, वीस यायला.

एकदा ती आपली सायकल दारात टेकवून उभी होती. वाकड्या हँडलची, बारीक चाकांची. भाऊ बघतोय हे तिच्या लक्षात आलं.

"बसा मास्तर, एक चक्कर मारून या."

नको नको म्हणत तो बसला. लहानपणी भाड्याच्या सायकलवर शिकला होता, तेवढंच. गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि वळून आला. उतरला तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

"ताई," तो म्हणाला, "पायडल मारलं आणि दुकान मागे गेलं."

"मग काय, दुकानाने पुढे यायचं होतं?" मी म्हटलं. सगळे हसले. तो हसला नाही. त्या दिवशी जेवताना पुन्हा तेच. "अठ्ठावीस वर्षं पायडल मारलं ताई, आणि एक वीतभर पुढे सरकलो नाही. पुलापर्यंत तरी एकदा जाऊन येतो."

हौसेला मोल नसतं म्हणतात. ज्यांच्या खिशात मोल असतं तेच ते म्हणतात. साधी लोखंडी सायकल परवडली असती, पण डॉक्टर म्हणाली, तिच्यावर आमच्याबरोबर टिकणार नाही, चांगली रेसिंगचीच लागेल. भावाने चहा सोडला. दाढ दुखत होती, ती डॉक्टर वाचवते म्हणाली होती. याने दुसरीकडे जाऊन स्वस्तात उपटून घेतली आणि तिच्यासमोर महिनाभर तोंड मिटून हसत राहिला. सात महिने गेले.

मग आम्ही सायकलच्या मोठ्या दुकानात गेलो. विक्रेता बरा माणूस होता. त्याने भावाला भिंतीशी उभं केलं, दोन मांड्यांमध्ये एक जाड पुस्तक धरलं आणि जमिनीपासून टेप लावली.

"टेप ढिली धरलीत," भाऊ म्हणाला. "अर्ध्या इंचाचा फरक पडेल."

विक्रेत्याने परत माप घेतलं. खरंच अर्ध्या इंचाचा फरक होता. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं घेतलेल्या माझ्या भावाचं माप कुणीतरी घेत होतं आणि तो शाळेत फोटोला उभा राहतात तसा ताठ उभा होता. मला गंमत वाटली आणि वाईटही वाटलं.

"तुम्हाला पन्नास सेंटिमीटरची फ्रेम," विक्रेता म्हणाला. "रंग, गिअर, बाकी काहीही मागे-पुढे करा. माप चुकवू नका."

मग किंमत सांगितली. सात महिन्यांच्या पैशात त्या सायकलची दोन चाकं आली असती, हवेसकट. आम्ही आभार मानून बाहेर पडलो.

दोन आठवड्यांनी त्याला जुनी सायकल विकणारा सापडला. मीही गेले. दार उघडणारा माणूस एवढा उंच होता की त्याचं माप घ्यायला भावाला स्टुलावर चढावं लागलं असतं. सायकल मात्र बघण्यासारखी होती. गडद निळी, कुठे ओरखडा नाही, मी एका हाताने उचलली. भावाने फ्रेमवरून कापडावरून फिरवतो तसा हात फिरवला. जिथे नळ्या जोडल्या होत्या तिथे बोट लावून म्हणाला, "शिवण सफाईदार आहे." किंमत आमच्या पैशात बसत होती, वर थोडे उरत होते.

फ्रेम अठ्ठावन्नची होती. इथेच घोडं पेंड खात होतं.

"तुम्हाला मोठी होईल हो," तो उंच माणूस स्वतःच म्हणाला. तो फसवा नव्हता. कुणीतरी फसवलं असतं तर बरं झालं असतं, मला शिव्या द्यायला कुणीतरी मिळालं असतं.

भाऊ बाजूला येऊन हळूच म्हणाला, "आठ सेंटिमीटर म्हणजे तीन इंच, ताई. तीन इंच तर मी रोज आत घेतो. सीट खाली करायची, हँडल थोडं मागे ओढून घ्यायचं. लहान असती तर नाही म्हटलं असतं."

मला त्या दुकानातल्या माणसाचं बोलणं आठवत होतं. पण माझे पाय दुखत होते, घरी जायचं होतं, आणि सात महिन्यांनी पहिल्यांदा त्याचा चेहरा उजळला होता. मी म्हटलं, "मोठी आहे ना? मग घे."

हे मीच म्हटलं. आज ते कुणावर ढकलू?

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथे अंथरूणच मोठं होतं आणि पाय तोकडे. सीट अगदी तळाला आणली. हँडल धरणारा पुढचा तुकडा काढून आखूड बसवला, त्यात उरलेले पैसे गेले. तरी तो सायकलवर बसला की हात पूर्ण ताणलेले, मान वर काढलेली, सगळा भार तळहातांवर. सायकल आहे तेवढीच राहते, माणसालाच लांब व्हावं लागतं. मी ते बघत होते आणि बोलले नाही. नव्याचे नऊ दिवस, नंतर सवय होईल, असं स्वतःला सांगितलं.

पहिल्या रविवारी सहा किलोमीटरवरून परत आला. दुसऱ्या रविवारी आठ. "हाताला मुंग्या येतात," म्हणाला, "जातील." सोमवारी सुई हातातून पडली तेव्हाही तेच म्हणाला. मी म्हटलं, आठ दिवस थांब. तो म्हणाला, "पुलापर्यंत एकदा जाऊन येतो, मग थांबतो."

तिसऱ्या रविवारी तो सकाळी सहाला निघाला आणि दुपारी एकला परतला. मी दारातच बसून होते. सायकल हाताने ढकलत आला. घामाने निथळत होता, ओठ कोरडे पडले होते.

"गेलास?"

"गेलो," तो म्हणाला. "पुलावर उभा राहिलो. लोखंडी पूल आहे ताई, हिरवा रंग दिलाय. खाली पाणी एवढं लांब."

मला इतका आनंद झाला की मी त्याच्या पाठीवर थाप मारली. मग तो आंघोळीला गेला आणि बराच वेळ पाण्याचा आवाज येईना. बघितलं तर मोरीच्या दाराशी उभा. शर्टाचं वरचं बटण धरायचा प्रयत्न करत होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकडं होऊन बाजूला राहिलं होतं, बाकीच्यांतही जोर नव्हता. दोन्ही हातांची तीच गत.

"ताई, हे जरा काढून देतेस?"

त्या शर्टाला काजं मीच केली होती. एकेक करून सात बटणं मी काढली. त्याने मान दुसरीकडे वळवली होती. मी त्याला लहानपणी असेच कपडे काढून द्यायची, पण तेव्हा तो दंगा करायचा.

हाडांचे डॉक्टर म्हणाले, तळहातातली नस दबली आहे. मशीनवर वाकून इतकी वर्षं आधीच नाजूक झाली होती, सायकलने उरलीसुरली कसर भरून काढली. आराम द्या, ताकद येईल. नाही आली तर बघू. सहा महिने आराम दिला. ती काही आली नाही. सुई धरता येते, पण धरली आहे हे त्याला डोळ्यांनी बघावं लागतं. कात्री सरळ चालत नाही. मालक वाईट नाही, त्याने काढून टाकलं नाही. गल्ल्याशेजारी बसवलं, आलेल्या कपड्यांना चिठ्ठ्या लावायला. पगार निम्मा. लोक अजून मास्तर म्हणतात आणि तो मान हलवतो.

सायकल विकायला काढली. बघायला आलेले सगळे भावाच्याच उंचीचे. टेप न लावता एका नजरेत म्हणायचे, मोठी आहे. एवढा उंच माणूस या गावात बहुतेक एकच होता, आणि सायकल त्यानेच आम्हाला विकली होती.

मध्यंतरी दातांची डॉक्टर दुकानात आली. भाऊ बँकेत गेला होता. गल्ल्याशेजारची त्याची चिठ्ठ्यांची टोपली बघून तिला रडू आलं. म्हणाली, "चूक माझी. त्या दिवशी पेट्रोल पंपाशी ते रस्त्याकडेला बसलेले दिसले तेव्हाच मी त्यांना एखाद्या गाडीत घालून आणायला हवं होतं. आम्ही पूल करून परत येत होतो. ते नुसते हात झाडत होते. म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, मी पुलाला हात लावून येतो. मी म्हटलं, मास्तर, अजून आठ किलोमीटर आहेत, फिरा मागे. शेवटी त्यांनी सायकल वळवलेली बघूनच आम्ही निघालो."

मी काजाचा धागा तोडला. मग विचारलं, "पूल कसला आहे हो तो?"

"दगडी," ती म्हणाली. "जुना आहे, कमानींचा. का?"

"काही नाही."

हात गेले ते गेले, आणि पूलही दिसला नाही. मला त्या दगडी पुलाचा इतका राग आला की जवळ असता तर दगड उपटून काढले असते. घरी गेल्यावर मी भावाला काही विचारलं नाही. विचारून काय करणार होते, तो हिरवा रंगही काढून घेणार?

जाताना डॉक्टरने तिचं एक जुनं स्टँड दिलं. सायकलचं मागचं चाक त्यात उचलून ठेवायचं, म्हणजे घरातल्या घरात पायडल मारता येतं. हात टेकायची गरज नाही, पायांना बरं. आता आमच्या बाहेरच्या खोलीत खिडकीशी ती निळी सायकल उभी असते. कामावरून आलो की भाऊ तिच्यावर चढतो, हात मांडीवर ठेवतो आणि ताठ बसून पायडल मारतो. मागचं चाक गरागरा फिरतं. मी समोर खुर्चीत काजं करते. त्याच्या वाटणीचीही थोडी घरी आणते, निम्म्या पगाराचा खड्डा कुठून तरी भरायला हवा.

परवा असंच चाललं होतं. तासभर तो थांबला नव्हता. वातावरण हलकं करावं म्हणून मी मान वर न करता विचारलं, "कुठवर आलास रे?"

त्याने खिडकीबाहेर बघितलं. पाय थांबले नाहीत.

"पंपापर्यंत," तो म्हणाला.

माझी सुई तशीच थांबली. थोड्या वेळाने तो म्हणाला, "तुला माहीत आहे ना ताई?"

"हो," मी म्हटलं, आणि पुढच्या काजासाठी दोरा ओवला.