मकावच्या होड्यांना उलांड्या

लग्नाला दोन वर्षं झाली असतील, तेव्हा मी चीनच्या बाजूच्या मकाव बंदरातल्या तेरा होड्या दुरुस्त केल्या. त्याही मालवणात, आमच्या पडवीत बसून, टाक आणि दौत घेऊन.

त्या होड्या चित्रातल्या होत्या. तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं, फिरंग्यांच्या व्यापाराच्या काळातलं चित्र. शेजारच्या ख्रिस्ती शिक्षिकाबाईंच्या पणजोबांनी जहाजावर असताना आणलेलं. बाई मला सातवीच्या फायनलसाठी शिकवत. पास झाले तर शाळेत नोकरी, नाहीतर जन्मभर डोक्यावर माशांची टोपली. सासूबाईंनी रोजचा एक तास दिला होता, तोही तोंड वाकडं करून.

त्या मे महिन्यात बाईंच्या घराची कौलं परतायची होती. धूळ पडेल म्हणून त्यांनी चित्र चार दिवस माझ्याकडे दिलं. "सांभाळ गो," एवढंच म्हणाल्या.

सांभाळणं म्हणजे नुसतं ठेवणं, हे कळायलाही अक्कल लागते. मी निरखत बसले. बघते तर काय, एकाही होडीला उलांडी नाही! आमच्याकडे होडी कलंडू नये म्हणून बाजूला लाकूड बांधतात, ती उलांडी. मला वाटलं, चित्र काढणारा साहेब विसरला! मग फ्रेमचे खिळे उपसले, काच काढली आणि निळ्या शाईने तेराही होड्यांना उलांड्या बांधल्या. झुरळाला मिशा फुटाव्यात तशा दिसत होत्या. तीन डोलकाठ्यांच्या मोठ्या जहाजालाही लावणार होते, पण शाई संपली.

सासूबाईंनी पाहिलं. "ह्या काय केलंस गो?"

"चूक होती, सुधारली."

"बरां केलंस. आता पुस्तकां बांधून ठेव. बाई तुका दारात उभी करूची नाय."

तेव्हा कुठे मी शाई पुसायला धावले. लिंबाने पुसून पाहिलं, तर एका होडीखालचा समुद्रच नाहीसा झाला.

चौथ्या दिवशी चित्र पदराखाली झाकून नेलं. बाईंनी चष्मा लावला. एकेका उलांडीवरून बोट फिरवत तेरापर्यंत गेल्या. मी रडायच्या बेतात. शेवटी चष्मा काढून म्हणाल्या,

"इतकी वर्सां उलांडी नव्हती, एक तरी होडी बुडली काय गो? उद्या येळेर शिकाक ये. आणि माझ्या पुस्तकांक हात लावशीत, तो वाचूक लाव. सुधारूक नाय."