फोनवर न केलेलं कौतुक

निखिल, तिकडे लांब आहेस रे, तरी असा जवळ बसल्यासारखा निमूट ऐकून घे. तुझा बाप जाऊन दीड महिना झाला. ऑफिसातून फोन आला, खुर्चीतच गेले म्हणाले. तुला कळवलं तर मेलबर्नहून एवढंच, 'रजा मिळत नाही, आत्या.' अग्नी मी दिला. भटजी जरा घुटमळले, मी म्हटलं, द्या इकडे, धाकटा भाऊ आहे माझा.

पुढचं तुला माहीत आहे, पण हे वाचणाऱ्या इतरांना नाही, म्हणून सांगते. नव्वदच्या दशकात शारजात आपण समोरासमोर राहायचो. तुझा बाप अरविंद दुबईतल्या अमेरिकन कंपनीत ड्राफ्ट्समन. शाळेची फी कंपनी भरायची, म्हणून आईविना वाढलेला तू अमेरिकन शाळेत गेलास आणि क्रिकेट सोडून बेसबॉल शिकलास. पिचर झालास, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा. गच्चीवर गादी उभी करून तिच्यावर चेंडू मारायचास, ती शिवून शिवून मी थकले. शाळेच्या कोचने तुझी व्हिडिओ कॅसेट अमेरिकेतल्या एका कॉलेजला पाठवली. संघात घेतलं तर शिक्षण फुकट. उत्तराची वाट बघत तू महिनाभर धड जेवला नाहीस.

मग एका शुक्रवारी संध्याकाळी त्या कॉलेजच्या कोचचा फोन आला. तू मैदानावर होतास. अरविंदने उभ्यानेच फोन घेतला, मी शेजारी चहा घेऊन. मुलगा कसा आहे, असं तो माणूस विचारत होता. आता आपल्यात पोटच्या पोराचं कौतुक परक्यापुढे कोण करतं? अरविंद म्हणाला, 'नॉट सो गुड, सर. ऑर्डिनरी बॉय.' हात ठणठणीत आहे ना, असं त्याने विचारलं, तर अरविंद म्हणाला, 'समटाइम्स शोल्डर पेन.' कसलं दुखणं रे… सगळं उत्तम म्हटलं की दृष्ट लागते, म्हणून एक दुखणं चिकटवून दिलं. फोन ठेवल्यावर मीही म्हटलं, 'बरं बोललास, पोरगं शेफारलेलं नाही असं वाटेल त्यांना.' हे मी बोलले. तेही इथे लिहून ठेवते.

पंधरा दिवसांनी तुला शाळेत कळलं की ते दुसरा मुलगा घेतायत, खांदा दुखणारा पिचर त्यांना नको. बूटही न काढता तू बापासमोर उभा राहिलास.

'यू टोल्ड हिम आय वॉज हर्ट?'

'अरे, बोलायची एक पद्धत असते.'

'हूज पद्धत, बाबा?'

तू पुण्याला इंजिनिअरिंगला गेलास, मग ऑस्ट्रेलियाला, आणि बापाशी हो-नाहीपलीकडे बोलला नाहीस.

तुला माहीत नाही ते आता सांगते. तू गेल्यावर त्याला तुझं कौतुक करायची खोडच लागली. बर दुबई भागातल्या देवळाबाहेरचा फुलवाला, खाडी ओलांडायच्या अब्रात, म्हणजे होडीत, शेजारी बसलेला पठाण, खालचा मल्याळी किराणावाला… जो भेटेल त्याला, 'मेरा लडका एक नंबर पिचर है.' पिचर म्हणजे काय ते त्यांना कुठे ठाऊक? मी चिडायचे, 'ज्याला सांगायचं त्याला फोन कर ना.' तर म्हणायचा, 'तो ऐकेल का, अक्का?' आणि नंबर काही फिरवायचा नाही. भित्रा होता. गेला म्हणून मी ते झाकणार नाही. आणि तूही त्याच्यावरच गेलास.

काल खाली दूध आणायला गेले तर त्याच मल्याळी किराणावाल्याने विचारलं, 'अरविंदभाई का लडका कब आएगा, माजी?' त्याचा व्हिसा संपत आलाय, महिनाभरात तो कायमचा केरळला जाणार, खलास. तुझा बाप तुझ्याबद्दल काय काय बोलायचा ते सगळं त्याला पाठ आहे. मला नाही सांगता येणार, मी रागाने कधी नीट ऐकलंच नाही. तो जायच्या आत ये.